आधी गाडी चालवून बघू

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्याला मी कुठे नोकरी करत होते हे कळलं, की त्याच्या हातातली जिलबी हातातच राहते आणि प्रश्न येतो. "मॅडम, गाडी सर्व्हिसिंगला टाकली होती. शोरूमवाले म्हणतात, फ्युएल सिस्टिम क्लिनिंग करून घ्या. करायचं का हो? का नुसतं आपलं बिल वाढवायला?" डॉक्टर दिसला की लोक जीभ काढून दाखवतात, तशी माझी गत आहे. मीही मग डॉक्टरसारखंच उलट विचारते, "गाडीला होतंय काय?" यावर दहातले आठजण गोंधळतात. गाडीला काहीच होत नसतं.

नगर-मनमाड रस्त्यावर, नागापूरच्या अलीकडे, एका मोठ्या कंपनीच्या डीलरकडे मी सर्व्हिस ॲडव्हायजर होते. जवळजवळ अख्खं नोकरीचं आयुष्य त्या एका काउंटरवर गेलं. सर्व्हिस ॲडव्हायजर म्हणजे गाडी आणि मालक यांच्यातला दुभाषा. मालक म्हणतो, "गाडी जरा रुसल्यासारखी करते." त्याचं मेकॅनिकला कळेल असं भाषांतर करून जॉब कार्डवर उतरवायचं, आणि मेकॅनिकने जे सांगितलं त्याचं मालकाला कळेल असं भाषांतर करायचं. वाईट बातमी असली की ती आम्ही द्यायची, आणि बिलावरून ऐकूनही आम्हीच घ्यायचं.

आमच्या घरात सगळे शाळेत नाहीतर कचेरीत. मी पहिल्यांदा ओढणीला ऑइलचा डाग घेऊन घरी आले तेव्हा आई म्हणाली, "तू तर खुर्चीवरच्या कामाला लागलीस ना?" खुर्ची होती, पण तिच्यावर मला बसू दिलं नाही ते हुसेनभाईंनी. हुसेनभाई आमचे हेड मेकॅनिक. उंच, सडपातळ, कानाला पेन्सिल. माझं पहिलंच जॉब कार्ड त्यांनी परत आणून माझ्यापुढे ठेवलं होतं.

"मॅडम, 'गाडी झटके मारते' असं लिवलंय तुमी. कधी मारते? थंड असताना का गरम झाल्यावर? चढाला का सपाटीला?"

"कस्टमरने तेवढंच सांगितलं."

"मंग कस्टमरशेजारी बसा आनि एक चक्कर मारून या. बसल्या जागी गाडी कळत न्हाई."

तेव्हापासून गाडी चालवून पाहिल्याशिवाय मी जॉब कार्ड लिहिलं नाही. कस्टमर चालवणार, मी शेजारी बसणार, असा माझा शिरस्ता. सोबतच्या मंडळींना सुरुवातीला हसू यायचं. 'निघाल्या मॅडम फिरायला,' म्हणायचे.

आता ते क्लिनिंग म्हणजे काय, हे सांगते. टाकीतलं पेट्रोल किंवा डिझेल पंपातून आणि फिल्टरमधून जाऊन इंजेक्टरपर्यंत पोचतं. इंजेक्टर म्हणजे अत्तराच्या फवाऱ्याची बाटली समजा. त्याच्या तोंडाची भोकं केसाहून बारीक. त्यातून इंधनाचं धुकं इंजिनात उडायला हवं. भोकांवर काजळी किंवा चिकट थर बसला की धुक्याऐवजी धार लागते, मग गाडी सिग्नलला उभी असताना थरथरते, पिकअप जातो, ॲव्हरेज पडतं. क्लिनिंग म्हणजे तो थर काढणं. कुणी टाकीत औषधाची बाटली ओततो, कुणी मशीन जोडून इंजिनातून औषध फिरवतो, आणि खरं अडलं असेल तर इंजेक्टर बाहेर काढून मशीनवर धुतात. तिन्हींना नाव एकच. त्यामुळे 'क्लिनिंग केलं' म्हणजे नक्की काय केलं, हे विचारल्याशिवाय बिलावर सही करू नये. गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका कपाटात असते, तीही उघडून बघावी. कुठल्या सर्व्हिसिंगला काय करायचं ते गाडी बनवणाऱ्यानेच त्यात लिहिलेलं असतं. चांगल्या पंपावरचं इंधन, वेळच्या वेळी बदललेला फिल्टर आणि रोजचं चालणं, एवढं असलं की बहुतेक गाड्यांना दर सर्व्हिसिंगला या औषधाची गरज पडत नाही.

हे लोकांना पटवणंही सोपं नसतं. सावेडीचे एक निवृत्त हेडमास्तर होते. पेट्रोलची छोटी गाडी, आरशासारखी ठेवलेली. ते दर वेळी स्वतःहून सांगायचे, "ते क्लिनिंग घालाच." मी गाडी फिरवून आणायचे आणि म्हणायचे, "सर, काही गरज नाही." त्यांचा चेहरा पडायचा. इंजेक्शन न देता घरी पाठवणाऱ्या डॉक्टरवर काही पेशंट रागावतात ना, तसे. एकदा म्हणाले, "तुम्ही माझ्या गाडीकडे दुर्लक्ष करता." शेवटी हुसेनभाईंनी इंजिन चालू ठेवून बॉनेटवर पाण्याने भरलेला स्टीलचा पेला ठेवला आणि सरांना बोलावलं. पाण्यावर तरंग उठत होते, पण एका लयीत, बारीक. "सर, ह्याला औषध काय द्यू?" सरांनी पेल्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि प्रसन्न होऊन गाडीला नवीन सीट कव्हर घालून घेतलं.

पण माझ्या नोकरीतली जी गोष्ट मी आजही ताठ मानेने सांगते, ती बबनची.

सोनईकडचे एक कांद्याचे व्यापारी आमचे कस्टमर. सगळे त्यांना आण्णा म्हणत. मोठी बागायत, मोठा गोतावळा, आवाजही मोठा. त्यांच्याकडे डिझेलची मोठी गाडी होती आणि ती चालवायला बबन. बबन पोरगेला असल्यापासून आण्णांकडे. आण्णांच्या आईला दवाखान्यात त्यानेच न्यायचं, मुलींना कॉलेजला त्यानेच सोडायचं. बोलायला एकदम कमी. माझ्याशी बोलतानाही नजर गाडीच्या चाकावर.

त्या दिवशी आण्णा स्वतः आले आणि बबन चार पावलं मागे उभा राहिला. एरवी तो किल्ली घेऊन पुढे असायचा.

"मॅडम," आण्णा म्हणाले, "गाडीचं ॲव्हरेज निम्म्यावर आलंय. दुसऱ्या गॅरेजात दोनदा क्लिनिंग केलं. फरक न्हाई. आता तुमी एकदा कंपनीचं क्लिनिंग करा. त्याच्यानंबी फरक पडला न्हाई, तर मला काय समजायचं ते मी समजंन."

"म्हणजे?"

आण्णांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "गाडी डिझेल पीत नसंल तर दुसरं कोनतरी पीत असंल. ह्याच्या कापडाला डिझेलचा वास येतो, मॅडम. घरात सगळ्यांना आलाय. डिक्कीला येतो, सीटला येतो. येवढी वर्षं घरातला म्हनून वागवला."

बबनची नजर फरशीवर. आजूबाजूला कस्टमर बसलेले, चहा देणारा थांबलेला. मला त्या क्षणी वाटलं, हा माणूस उद्यापासून गावात कुठल्याच गाडीवर बसू शकणार नाही. ड्रायव्हरच्या नावाला एकदा डिझेलचोर चिकटलं की ते निघत नाही.

आमच्याकडे तेव्हा नियम असा होता की कस्टमर स्वतःहून क्लिनिंग मागतोय तर लगेच कार्ड करायचं. मी कार्ड बाजूला ठेवलं.

"आण्णा, आधी गाडी चालवून बघू."

"चालवून काय दिसनार हाय?"

"बघू तरी. तुम्हीही चला."

बबन चालवायला बसला, मी शेजारी, आण्णा मागे. मनमाड रस्त्याला लागलो. गाडी मस्त ओढत होती. धूर नाही, झटका नाही, थरथर नाही. इंजेक्टर घाण झालेली गाडी अशी चालत नाही, एवढं मला कळत होतं. पण निम्मं ॲव्हरेज म्हणजे चेष्टा नव्हे. विळद घाट उतरून माघारी वळलो, चढ लागला तसा बबनने गिअर खाली घेतला आणि इंजिनाचा आवाज चढला. मी एसी बंद करायला लावला आणि बाहेरची हवा आत येऊ दिली. थोड्या वेळात नाकाला झोंबलं. डिझेल.

"बबन, हा वास नेहमी येतो?"

त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "व्हय मॅडम. गाडी तापली की येतो. मी त्या गॅरेजवाल्याला सांगत हुतो, तर तो म्हनला औषध टाकलंय, त्याचा वास हाय. आण्णान्ला सांगाया गेल्तो, तर..." आणि तो थांबला.

मागे आण्णांनी आपल्या बाजूची काच खाली केली.

परत आलो तेव्हा हुसेनभाई जेवायला निघाले होते. त्यांना म्हटलं, गाडी गरम आहे, वास येतोय, चालू ठेवूनच बघा. त्यांनी डबा ठेवला. गाडी लिफ्टवर घेतली. इंजिनाच्या खाली चिखल-दगड लागू नये म्हणून एक मोठं कव्हर असतं, आणि या गाडीच्या कव्हरला आतून आवाज दाबणारा जाड, घोंगडीसारखा फेल्ट चिकटवलेला असतो. दोनदा क्लिनिंग झालं, पण ते कव्हर कुणी खोललंच नव्हतं. औषध फिरवायला ते खोलावं लागत नाही. हुसेनभाईंनी बोल्ट काढले आणि कव्हर एका बाजूने खाली आलं, तशी त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत डिझेलचा ओघळ आला. फेल्ट पिळून काढण्याइतका ओला होता.

मग गाडी खाली घेतली आणि इंजिन चालू ठेवून वरून टॉर्च मारला. इंजेक्टरला लागून उरलेलं डिझेल टाकीकडे परत नेणारी रबरी नळी असते, बोटापेक्षा बारीक. ती वळणावर तडकली होती. थंड असताना तडा मिटायचा, गरम झाली की उघडायचा. इंजिनाचा जोर वाढला की तिथून डिझेल उडायचं, फेल्टमध्ये मुरायचं आणि चालत्या गाडीतून रस्त्यावर गळून जायचं. गाडी उभी केली की गळणं बंद, म्हणून अंगणात डाग नाही. आणि त्याचाच वास गाडीत भरायचा, सीटला लागायचा, रोज त्या सीटवर बसणाऱ्याच्या कपड्याला लागायचा.

"आण्णा," मी म्हटलं, "तुमचं डिझेल कुणी प्यायलं नाही. सोनईपासून नगरपर्यंत रस्त्याने प्यायलं. आणि हे पेटलं नाही हे तुमच्या घराचं नशीब. मुली याच गाडीतून जातात ना?"

आण्णांनी वाकून ती नळी पाहिली, ओल्या फेल्टला हात लावला. मग ते सरळ बबनपाशी गेले.

"बबन्या, तू सांगत हुतास वासाचं. मी आयकलं न्हाई."

"ऱ्हाऊं द्या आण्णा."

"राहू कसं देऊ? समद्या घरापुढं बोललो मी. आता घरी चल. समद्यांपुढंच सांगतो काय झालं ते."

तेव्हा बबन रडला. भिंतीकडे तोंड करून, खांदे हलवत. चहा देणाऱ्याने न सांगता त्याच्यापुढे कप धरला. नळी बदलली, फेल्ट बदलला, आणि त्या गाडीचं क्लिनिंग मी केलं नाही.

याचं मला कौतुक होईल असं वाटलं असेल तर ऐका. संध्याकाळी मॅनेजर साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. साहेब पुण्याहून नवीन आलेले, हुशार, वागायला सभ्य, पण त्यांच्यावर वरून दडपण होतं. प्रत्येक गाडीला क्लिनिंग सुचवायचं असं ठरलं होतं.

"मॅडम, कस्टमर मागत होता, तरी तुम्ही नाही म्हणालात?"

"सर, त्या गाडीला त्याचा उपयोग नव्हता."

"उपयोग नाही, पण नुकसानही नाही ना?"

"नुकसान झालं असतं. ॲव्हरेज वाढलं नसतं आणि त्या ड्रायव्हरवर चोरीचा शिक्का बसला असता. आणि शिक्का मारणारे आपण असतो."

पण नियम नियमच. पुढच्या आठवड्यात मला काउंटरवरून उचलून फोनवर बसवलं. सर्व्हिसिंगची आठवण करून देणारे फोन करायचे. अपमान गिळून मी फोन करत बसले. घरी काही सांगितलं नाही. हुसेनभाई रोज येता-जाता दारातून विचारायचे, "मॅडम, फोनवर गाडीचा आवाज येतो का?"

मग एका सकाळी वर्कशॉपच्या फाटकातून एकामागोमाग गाड्या आत आल्या. आण्णांची, त्यांच्या भावाची, मेव्हण्याची, एका भाच्याची. सगळ्यांत पुढे बबन. काउंटरवरच्या मुलाने किल्ली मागितली तर आण्णांनी खिशात घातली.

"त्या बाई कुठंयत? गाडीत बसून बघत्यात त्या?"

"त्या आता दुसऱ्या कामाला आहेत, साहेब. मी कार्ड करतो ना."

"मंग आमी थांबतो."

आणि खरोखर थांबले. सगळा गोतावळा काउंटरपुढच्या खुर्च्यांवर पसरून बसला. मॅनेजर साहेब बाहेर आले, पाहिलं, आणि स्वतः माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "मॅडम, चला." त्या दुपारी त्यांनी मला विचारलं, माझं नेमकं म्हणणं काय आहे. मी म्हटलं, क्लिनिंगला माझा विरोध नाही. गाडी चालवून बघायची, लक्षण असलं तर कस्टमरला दाखवायचं, नसलं तर तोंडातून नाव काढायचं नाही. साहेबांनी हे आमच्या वर्कशॉपपुरतं करून दाखवलं आणि वरच्यांची बोलणी स्वतः खाल्ली. त्याबद्दल मी त्यांना मानते. इतर शाखांत मात्र ते कधी पोचलं नाही. माझी नोकरी संपल्यावर आमच्याकडेही किती टिकलं, हे मी कुणाला विचारत नाही. विचारलं तर खरं उत्तर मिळेल, ही भीती आहे.

आता क्लिनिंगच्या बाजूचीही एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर मी त्याला नुसती नावं ठेवते असं वाटेल.

कोपरगावहून एक गाडी टोचन करून आली. पेट्रोलची, रंग उडालेली, चाकं बसलेली. बरोबर शालिनीताई. पन्नाशीच्या आसपास, शाळेत शिक्षिका. त्यांचे यजमान साखर कारखान्यात शेतकी विभागात होते आणि याच गाडीतून उसाचे प्लॉट बघत हिंडायचे. ते अचानक गेले, आणि गाडी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली ती राहिलीच. दोन पावसाळे तिच्यावरून गेले. दीर म्हणत होते, भंगारात द्या. ताईंनी दिली नाही. उलट कुणाला न सांगता सकाळच्या बॅचला ड्रायव्हिंग क्लास लावला.

ही गाडी चालवून बघण्यासारखी नव्हतीच. हुसेनभाईंनी टाकीचं झाकण उघडून नाक लावलं आणि मला बोलावलं. आत पेट्रोलचा वास नव्हता, वार्निशचा होता. पेट्रोल उभ्या गाडीत फार दिवस राहिलं की नासतं, राळेसारखं चिकट होतं. अशा ठिकाणी बाटली ओतूनही भागत नाही. टाकी उतरवायची, फिल्टर टाकून द्यायचा, इंजेक्टर काढून मशीनवर धुवायचे.

मी ताईंना सगळं सांगितलं. हेही सांगितलं की एवढं करून पंप गेलेला निघाला तर आणखी काम निघेल. त्यांनी दिरांना फोन लावला. स्पीकरवर नव्हता तरी आवाज मला ऐकू आला. "वहिनी, शोरूमवाल्यांच्या नादी लागू नका. ते क्लिनिंग-बिनिंग सगळी लूट असते."

ताईंनी फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुमची स्वतःची गाडी असती तर तुम्ही केलं असतं?"

"हो," मी म्हटलं. "या गाडीला केलं असतं."

इंजेक्टर मशीनवर लावले तेव्हा ताई काचेसमोर उभ्या होत्या. एका ओळीत काचेच्या नळ्या, वर इंजेक्टर. सुरुवातीला एकातून थेंब थेंब, दुसऱ्यातून वाकडी धार, एक तर साफ बंद. धुऊन पुन्हा लावले. मशीन सुरू झालं आणि सगळ्या नळ्यांत एकदम धुकं उतरलं, बारीक, सारखं, पांढरं. ताई म्हणाल्या, "अगंबाई!" शाळेतल्या मुलीसारख्या.

पंप शाबूत निघाला. सगळं जोडून स्टार्टर मारला. पहिल्यांदा नुसती घरघर, मग एक खोकला, मागून करडा धूर, आणि इंजिन लागलं. जरा अडखळलं, मग स्थिर झालं. ताईंनी बॉनेटवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. हुसेनभाई आणि मी उगाच दुसऱ्या गाडीकडे बघत राहिलो.

ब्रेक, टायर, बॅटरी सगळं झाल्यावर त्या गाडी न्यायला आल्या, एसटीने, एकट्या. मी विचारलं, "चालवायला कुणी येणार आहे?"

"मीच."

"मग आधी एक चक्कर मारू या आपण."

फाटकातच गाडी बंद पडली. मागून ट्रकने हॉर्न दिला. ताईंनी ओठ घट्ट मिटले, पुन्हा चालू केली, क्लच सोडला, आणि आम्ही रस्त्याला लागलो. घाटापर्यंत जाऊन आलो. गाडीत काही खोट नव्हती आणि चालवणारीतही नव्हती. मी फाटकाशी उतरले. हुसेनभाईंनी हात करून ट्रकवाल्यांना थांबवलं आणि ती जुनी गाडी कोपरगावच्या दिशेने निघाली.

त्या दिवशी माझं कामात लक्ष नव्हतं. राहुरी आली असेल, आता शिर्डीची गर्दी लागली असेल, असं मनात चालू होतं. दिवेलागणीला फोन वाजला.

"मॅडम, पोचले."

"कशी चालली?"

"चालली. कुठे म्हणून अडली नाही." मागे पोरांचा गलका आणि कुणाच्या तरी मोठमोठ्याने बोलण्याचा आवाज येत होता. "शेडमध्ये लावली नाही अजून. दारातच उभी केलीय. येणारे-जाणारे बघू देत."